आर्नोकांठची छत्री व भिंतींतील खिडक्या

कोल्हापुरांतून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मनुष्याच्या पायांस तेथें गेल्यावर एक वाट आपोआप लागते. इतर प्रवासी प्रथम त्या नगरीचें घुमटदार देवालय पाहतात, चित्रशाळा पाहतात. कोल्हापूरकर मात्र गांवाच्या पश्चिमेस पसरलेल्या काशीने नांवाच्या उद्यानाची चौकशी करतो. या उद्यानाच्या अगदीं शेवटीं, जेथें मुन्योने नांवाचा ओढा आर्नो नदीस मिळतो, तेथें एक छत्री आहे व तिच्याखालीं एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे आमचे छत्रपति राजाराम महाराज. मूळचे पाटणकरांच्या घरांतील नागोजीराव, इ. स. १८६६ मध्यें दत्तक येऊन गादीवर बसले, १८७० मध्यें विलायतेस गेले, आणि परत येतांना त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरास, वयाच्या विसाव्या वर्षीं, फ्लॉरेन्स येथें निवर्तले.

आम्हीही त्याच वाटेनें गेलों. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय केवळ ती छत्री नव्हे. छत्रीपाशीं उभे असतां आमच्या मनांत एक प्रश्न आला, आणि त्याचें उत्तर शोधीत आम्ही त्या शहरांतील वाइनच्या लहान लहान दुकानांपर्यंत जाऊन पोंचलों. ‘कोल्हापूरच्या राजाच्या छत्रीवरून निघून मद्याच्या दुकानांत शिरणें ही कसली यात्रा?’ असें कोणी विचारील. अशा वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचावा. मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांस तें वर्ज्यच राहो. आमचा प्रश्न पेल्यांत काय आहे हा नसून, पेल्यांत जें आहे तें खरें आहे हें मनुष्यानें कशावरून ओळखावें, हा आहे.

महाराजांच्या काळीं या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे ठरलेलें होतें. कोणाच्या हातचें पाणी प्यावें व कोणाच्या हातचें पिऊं नये, यांतच शुद्धतेचा सारा विचार सामावलेला असे. समुद्र ओलांडणें हेंच मुळीं पाप मानलें जाई. त्यांतून जो ओलांडी त्याच्यापुढें प्रत्येक मुक्कामास अन्नोदकाचा प्रश्न उभा राही. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ सालीं राज्यारोहणसमारंभासाठीं लंडनास गेले ते चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर घेऊनच. त्या घागरी जयपुरास आजही पाहावयास मिळतात. हा विचार खरा कीं खोटा हा वाद येथें काढावयाचा नाहीं. त्यांत माणसामाणसांत भेद करणारा जो अन्याय होता तो आमच्याच नगरीनें पुढें शाहू महाराजांच्या काळीं ओळखला. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या काळीं शुद्धता म्हणजे हाताची ओळख होती.

फ्लॉरेन्स तेव्हां इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होतें. १८६५ मध्यें मिळालेला हा मान १८७१ मध्यें रोमकडे गेला. तरुण राजाचें दहन कोठें व कसें करावें, हा पेंच त्या राजधानीपुढें अचानक पडला. त्या देशांत प्रेतें पुरण्याची चाल. मिलान येथें नव्या पद्धतीचें पहिलें दहन १८७६ मध्यें झालें, म्हणजे या गोष्टीस अजून सहा वर्षें अवकाश होता. तरीही तेथील अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली. हिंदूंस संगम पवित्र असतो हें ध्यानांत घेऊन आर्नो व मुन्योने यांचा संगम निवडण्यांत आला, आणि तेथें रात्रीच्या वेळीं चिता पेटली. परक्या लोकांनीं परक्याच्या शुद्धतेच्या कल्पनेस दिलेला तो मान होता. पुढें १८७४ मध्यें तेथें छत्री उभी राहिली. तिची आंखणी चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पकार तेच. पुतळा फुलर नांवाच्या इंग्रज मूर्तिकारानें घडविला. १९७८ मध्यें जवळच नदीवर मोठा पूल झाला, त्यासही तेथील लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्याच नांवानें ओळखतात. महाराजांच्या प्रवासाची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं संपादून १८७२ मध्यें लंडनास छापली. ती वाचून गेलेल्या मनुष्यास त्या छत्रीपुढें उभें राहणें सोपें जात नाहीं.

तेथून शहराकडे परत फिरतांना सोबतच्या स्नेह्यांनीं एक गोष्ट सांगितली. काशीने हें नांव गाईगुरांच्या गोठ्यांवरून, दूधदुभत्याच्या वाड्यांवरून पडलें आहे. मेदिची घराण्याच्या सरदारांचीं गुरें एके काळीं या कुरणांत असत. आम्हांस तत्काळ आमच्या गंगावेशींतील दूधकट्ट्याची आठवण झाली. त्या आठवणीकडे शेवटीं पुन्हा येऊं.

जुन्या फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांतून हिंडतांना सरदारी वाड्यांच्या दगडी भिंतींत, मोठ्या दरवाजाच्या शेजारीं, एक चमत्कारिक वस्तु दिसते. वीतभर रुंद, दीडेक वीत उंच, वरून कमानदार अशी एक खिडकी. घरांत देवाचा कोनाडा असावा तशी; फक्त ती घराबाहेर उघडते. तेथील भाषेंत हिला ‘बुकेत्ता देल व्हीनो’ म्हणजे वाइनचें भोंक असें म्हणतात. जुन्या शहराच्या हद्दींत अशा दीडशेंहून अधिक खिडक्या मोजलेल्या आहेत. त्यांचा उगम सोळाव्या शतकांतला. १५५९ च्या सुमारास ड्यूक पहिला कोझिमो यानें जमीनदार घराण्यांस आपल्या मळ्यांतील वाइन आपल्याच राहत्या घरीं किरकोळीनें विकण्याची मोकळीक दिली, असें सांगतात. मग प्रत्येक मोठ्या वाड्यानें तळघराशेजारच्या भिंतीस हें भोंक पाडलें. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकानें खिडकीचें झांकण वाजवावें, रिकामी सुरई आंत सरकवावी, पैसे द्यावे, भरलेली सुरई घेऊन जावें. मध्यें ना दलाल ना कलाल. सरदारास भाव बरा मिळे, आणि मजुरास पिठ्यापेक्षां स्वस्त व खात्रीची वाइन मिळे. देल्ले बेल्ले दोन्ने या गल्लींत अशा एका खिडकीवर विक्रीच्या वेळा कोरलेली संगमरवरी पाटी आहे. ती वाचतांना असें वाटतें कीं आंतून आतां कोणी हात पुढें करील.

१६३० मध्यें फ्लॉरेन्सला प्लेगनें गांठलें. त्या सांथीचा वृत्तान्त रोंदिनेल्ली नांवाच्या तेथल्याच विद्वानानें १६३४ मध्यें प्रसिद्ध केला आहे. त्यांत या खिडक्यांचा उल्लेख येतो. विक्रेता पैसे हातांत घेत नसे. तो धातूचें पसरट पात्र बाहेर करी, त्यांत गिऱ्हाईक नाणीं टाकी, आणि तीं शिर्क्यांत बुडवून मगच आंत घेतलीं जात. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. आपल्याकडे कोणाचा हात लागला यावरून शुद्धता ठरत होती. त्या शहरानें त्या वर्षीं हात लागलाच नाहीं यावरून ती ठरविली. खिडकी तीच, पण तिचा अर्थ बदलला. पुढें विसाव्या शतकांत ही विक्री बंद पडली, खिडक्या विटांनीं बुजल्या, कित्येकांवर घंटेच्या कळा व पत्रपेट्या बसल्या. १९६६ च्या महापुरांत उरल्यासुरल्या लांकडी झडपांचीही हानि झाली. २०१५ मध्यें त्यांची मोजदाद व जपणूक करणारी एक मंडळी स्थापन झाली. २०१९ मध्यें सान्तो स्पिरितो रस्त्यावरील ‘बाबाए’ या उपाहारगृहानें आपली खिडकी पुन्हा उघडली. आणि २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली तेव्हां चारशें वर्षांपूर्वींच्या त्याच कारणासाठीं आणखी कांहीं खिडक्या उघडल्या.

या खिडक्या बंद पडल्या त्या काळांत वाइनचें काय झालें, हें सांगितल्यावांचून पुढचा भाग कळणार नाहीं. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस कियान्ती नांवाच्या टेकड्या आहेत. १७१६ मध्यें तिसऱ्या कोझिमोनें फर्मान काढून कियान्ती व आणखी तीन मुलुखांच्या सीमा आंखून दिल्या. वाइनच्या मुलुखाची हद्द कायद्यानें ठरविण्याचें हें जगांतील अगदीं आरंभींचें उदाहरण. महाराजांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १८७२ मध्यें, बेत्तीनो रिकाझोली या जमीनदारानें एका पत्रांत कियान्तीचें प्रमाण लिहून ठेवलें: सांजोवेझे द्राक्षांचा मुख्य भाग, काळ्या कानायोलोची जोड, आणि लवकर प्यावयाच्या वाइनमध्यें थोडी पांढरी माल्व्हाझिया. हा गृहस्थ दोन वेळां इटलीचा मुख्य प्रधान झालेला होता. राज्यकारभार सांभाळलेल्या मनुष्यानें द्राक्षांच्या मिश्रणांत इतकें लक्ष घालावें, यावरून त्या पिकाचा तेथें काय मान होता तें दिसतें.

पुढें गवतानें विणलेल्या वेष्टणांतली सुरई, जिला ‘फियास्को’ म्हणतात, साऱ्या जगभर गेली, आणि जितकी ती दूर गेली तितका तिच्यांतला माल हलका होत गेला. नांव राहिलें, वस्तु बदलली. १९६३ मध्यें इटलीनें मुलुखांच्या नांवांस कायद्याचें संरक्षण दिलें. तरीही १९८६ मध्यें कांहीं लोभी उत्पादकांनीं स्वस्त वाइनमध्यें मेथिल अल्कोहोल मिसळलें आणि तें पिऊन वीसाहून अधिक माणसें दगावलीं, कित्येकांची दृष्टि गेली. बाटलीवर चिठ्ठी होती, दुकानावर पाटी होती; पण खिडकीपलीकडचा हात कोणाचा, हें कोणासही ठाऊक नव्हतें.

‘नैसर्गिक’ वाइनची चळवळ समजून घ्यावयाची ती या पार्श्वभूमीवर. तिचा उगम फ्रान्सांतला. बोझोले प्रांतांतील जूल शोव्हे नांवाचा रसायनज्ञ व वाइनचा व्यापारी हा तिचा आद्य गुरु मानला जातो. विचार साधा आहे. द्राक्षांवर कृत्रिम औषधें मारूं नयेत. फळाच्या सालीवर व तळघरांत जें किण्व स्वभावतःच असतें त्यावरच रस आंबूं द्यावा. रंग, आंबटपणा किंवा गोडी वाढविण्यास बाहेरचें कांहीं घालूं नये. आणि माल टिकावा म्हणून जें गंधकाचें द्रव्य घालतात तें घालूं नये किंवा अगदीं नांवाला घालावें. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें साध्या तांबड्या वाइनमध्यें हें द्रव्य लिटरमागें दीडशें मिलिग्रॅमपर्यंत चालतें, व ‘सेंद्रिय’ म्हणून विकावयाच्या तांबड्या वाइनमध्यें शंभरपर्यंत. नैसर्गिक वाइन करणारा याच्याही पुष्कळ खालीं राहूं पाहतो. इटलींत २००६ मध्यें अशा उत्पादकांचा ‘विनातूर’ हा संघ निघाला. तो सभासदांच्या मालाची तपासणी करून औषधांचे अंश शोधतो. परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दास संघाच्या कायद्यांत व्याख्या नाहीं. म्हणजे हा शब्द पाटीवर कोणीही लिहावा, अशी स्थिति आहे.

हें आम्हांस आमच्या खर्चानें शिकावें लागलें. पहिल्याच संध्याकाळीं एका झगझगीत दुकानाच्या कांचेवर हा शब्द हातभर अक्षरांनीं लिहिलेला पाहून आम्ही आंत गेलों. वाइन गढूळ होती, तिला शिर्क्याचा वास येत होता. आम्ही तसें म्हटल्यावर ‘नैसर्गिक वाइन अशीच असते’ असें उत्तर मिळालें. कोणाच्या मळ्यांतली, असें विचारतां सेवकानें बाटली फिरवून चिठ्ठी वाचली. आमच्या लक्षांत आलें कीं, चिठ्ठी वाचणें आम्हांसही येत होतें. त्यासाठीं दुकानदाराची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पाटी वाचण्याचें सोडून प्रश्न विचारण्याची रीति धरली. फ्लॉरेन्सांत ‘विनाईनो’ म्हणून जुन्या धर्तीचीं चिमुकलीं दुकानें असत. त्यांतलें चिमातोरी गल्लींतलें ‘फ्रातेल्लीनी’ हें १८७५ पासूनचें, म्हणजे महाराजांच्या छत्रीहून एकाच वर्षानें धाकटें. भिंतींतील एक खण एवढीच त्याची जागा. गिऱ्हाइकानें पेला व पावाचा तुकडा घेऊन रस्त्यावरच उभें राहावयाचें. खिडकीचाच तो थोरला भाऊ म्हणावा. पोन्ते व्हेक्यो या जुन्या पुलापलीकडे एका लहानशा चौकांत ‘वोल्पी ए लूव्हा’ म्हणजे ‘कोल्हे आणि द्राक्षें’ या नांवाचें दुकान १९९२ मध्यें निघालें. लहान लहान शेतकऱ्यांचा माल शोधून आणणें हीच त्याची ख्याति. सारींच अशीं दुकानें केवळ नैसर्गिक वाइन ठेवतात असें नव्हे. पण चांगल्या दुकानाची खूण आम्हांस अशाच ठिकाणीं सांपडली. चांगला दुकानदार प्रथम शेतकऱ्याचें नांव घेतो, वाइनचें मागाहून. त्याचा मळा टेकडीच्या कोणत्या बाजूस आहे, त्या वर्षीं पाऊस केव्हां पडला, हें तो न विचारतां सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बाटली उघडून वास घेतल्यावर ती बिघडली असेल तर ‘ही बिघडली’ असें म्हणून बाजूस ठेवतो. दोषास गुण म्हणून विकणें हें त्यास जमत नाहीं. गढूळपणा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, जसा नितळपणाही नव्हे. पुरावा एकच: माल करणारा व माल पिणारा यांच्यामधल्या प्रत्येक माणसास मालाची माहिती असणें, व तशीं माणसें शक्य तितकीं कमी असणें.

येथपर्यंत आल्यावर वाचक म्हणेल, ‘हें परक्यांचें झालें, आपलें काय?’ तेंच आतां सांगावयाचें आहे.

कोल्हापूरची कीर्ति गुळावर आहे. शाहू महाराजांनीं १८९५ मध्यें शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली ती प्रामुख्यानें याच मालासाठीं, आणि २०१४ मध्यें कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें; कियान्तीस १७१६ मध्यें मिळालें होतें त्याच जातीचें हें संरक्षण. ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, काहिलींत रस उकळूं लागला म्हणजे त्यांत भेंडीचा चिकट रस घालतात. त्यानें मळी वर येते व ती काढून टाकली जाते. बाकी सारें गुळव्याच्या नजरेवर. चुलवाणांतला जाळ केव्हां ओढावा, काहील केव्हां उतरावी, हें त्याचे डोळेच ठरवितात. असा गूळ तपकिरी होतो, कधीं काळसरही होतो. परंतु बाजारास पिवळाधमक गूळ हवा. म्हणून कित्येक ठिकाणीं हायड्रोस नांवाची पांढरी भुकटी काहिलींत पडूं लागली. तीही गंधकाचेंच संयुग. तिनें गूळ उजळतो, भाव चढतो. कांहीं दिवसांनीं रंग पुन्हा काळवंडतो, पण तोंवर ढेप विकली गेलेली असते. भेंडीवर गूळ करणारा शेतकरी बाजारांत उभा राहतो तेव्हां त्याची ढेप रंगानें हरते. त्यास हरविणारा व्यापारी नव्हे. व्यापारी गिऱ्हाइकाचा डोळा पाहून बोली करतो. त्यास हरविणारे आपण. आमच्या स्वतःच्या घरीं वर्षानुवर्षें दिवाळीस पिवळी ढेप येत असे व ती ‘स्वच्छ’ म्हणून वाखाणली जात असे, हें येथें कबूल केलेलें बरें. फ्लॉरेन्सांत चिठ्ठीवर विसंबून फसलों म्हणून आम्ही त्या सेवकावर रागावलों. घरीं रंगावर विसंबून आम्ही एका शेतकऱ्यास फसविलें, त्याचा राग कोणी करावयाचा?

आणि तरीही शुद्धतेची खरी कसोटी आमच्या गांवास ठाऊक नव्हती असें नाहीं. गंगावेशींत दूधकट्ट्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या देखत धार काढतात. पेल्यांत फेस येतो, गिऱ्हाईक उभ्याउभ्या धारोष्ण दूध पितो, पैसे देतो व वाटेस लागतो. तेथें पाटी नाहीं, चिठ्ठी नाहीं, ‘नैसर्गिक’ हा शब्द तर कोणी उच्चारीतही नाहीं. म्हैस समोर, हात समोर, पेला समोर. फ्लॉरेन्सच्या सरदारांनीं भिंतीस भोंक पाडून जें साधलें, तें आमच्या गवळ्यांनीं भिंतीवांचून साधलें.

साऱ्या शहरानें कट्ट्यावर उभें राहून दूध प्यावें किंवा प्रत्येकानें गुऱ्हाळावर जाऊन गूळ आणावा, हें शक्य नाहीं हें आम्हीही जाणतों. शहरें मोठीं झालीं, वाटा लांबल्या. मध्यें व्यापारी हवा, पेढी हवी, तपासणारा अंमलदारही हवा. पण लांब वाटेवरही एक गोष्ट करतां येते, आणि तिला कायदा लागत नाहीं. पुढल्या वेळीं गूळ घेतांना रंग न पाहतां विचारावें: ‘हा कोणत्या गांवचा? कोणाच्या गुऱ्हाळावरचा? भेंडीवर केला कीं भुकटीवर?’ पहिल्या दिवशीं दुकानदारास सांगतां येणार नाहीं. दहा गिऱ्हाइकांनीं विचारल्यावर तो माहिती करून घेईल. आणि शंभरांनीं विचारल्यावर काळसर ढेप मागें ठेवण्याऐवजीं पुढें मांडील.

फ्लॉरेन्स सोडण्याच्या आदल्या सायंकाळीं आम्ही पुन्हा संगमावर गेलों. नदी संथ होती, पुलावरून वाहनें जात होतीं. परगांवीं मरण आलेल्या त्या वीस वर्षांच्या राजाचा देह त्याच्या समजुतीप्रमाणें शुद्ध रीतीनें अग्नीस जावा म्हणून त्या लोकांनीं आपले नियम बाजूस ठेवले होते. त्यासाठीं त्यांस कोणास तरी विचारावें लागलें असेल, आणि कोणी तरी नीट उत्तर दिलें असेल. आम्ही छत्रीस नमस्कार केला व परतलों. कोल्हापुरास आल्यावर पहिलें काम केलें तें हें कीं, वाण्याकडे जाऊन विचारलें, ‘गूळ कोणत्या गांवचा?’ वाणी आमच्याकडे पाहतच राहिला. आठवड्यानें पुन्हा गेलों तेव्हां त्यानें, आम्हीं विचारण्यापूर्वींच, गांवाचें नांव सांगितलें.